बारा ओळींची किनार

सिडको, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

सौ. आशा हिस,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजपुढे महिनाभर एकच टिक दिसते आहे. काल नवनाथला फोन लावला, तर तो म्हणाला, "दाजी, ताई म्हणते बोलायचं नाय. माझी बी पंचाईत हाय, माझ्यावर रागवू नका." त्याच्यावर कशाला रागवू? तुझा भाऊ गरीब माणूस, दोन हट्टी माणसांच्या मध्ये सापडलाय. म्हणून आता पोस्टाने लिहितो. माझं अक्षर बघून तू पाकीट फाडून टाकणार नाहीस याची खात्री आहे, कारण तू काहीच फाडत नाहीस, साखरेची रिकामी पिशवीसुद्धा घडी करून ठेवतेस.

महत्त्वाचं आधी. बोटीची तारीख आली. ३ मार्चला मुंबईहून सुटणार, कोची, लक्षद्वीप करून ८ ला परत. परवा उज्वलाताई यादी घेऊन घरी आल्या होत्या. नोव्हेंबरात त्यांच्या विणकाम मंडळाच्या या बोटीच्या सफरीला आपण दोघांनी नावं दिली, तेव्हा तू म्हणाली होतीस, पाच दिवस कुणाला चहा करून द्यायचा नाही, नुसतं विणायचं आणि मान वर केली की समुद्र. उज्वलाताईंनी हळूच विचारलं, "दोन्ही नावं काढू का, रंगनाथराव?" मी म्हणालो, "माझं राहू द्या. आशाचंही राहू द्या, ती येईल." तू आली नाहीस तरी मी जाणार आहे. एक्केचाळीस बायका आणि मी एकटा पुरुष, असा हिशोब झालाय. कॉलनीतल्या दत्तूने तर मला विचारलं, काका, तिकडे पापडही लाटायला लावतात का? त्याला काय हसायचं ते हसू दे.

तीन वर्षांपूर्वी अंबडच्या कारखान्यातली नोकरी संपली आणि मी घरात डब्यांची झाकणं नीट बसतात का ते तपासायला लागलो, तेव्हा तूच माझ्या हातात सुया दिल्यास. म्हणालीस, निदान माझ्या स्वयंपाकघरातून तरी बाहेर पडाल. मग मी विणायलाही कारखान्यातलं मापाचं व्हर्नियर घेऊन बसलो, तर आठ दिवस हसत होतीस. ते आठवतं.

तुझा राग मला कळतो. २९ डिसेंबरला तू आईंकडे कळवणला निघालीस, तेव्हा त्यांच्यासाठी विणलेली शाल माझ्या हवाली केलीस. चाळीस दिवसांचं तुझं काम. म्हणालीस, "किनारीच्या बारा ओळी तेवढ्या विणा आणि दोन दिवसांत घेऊन या, आईला यंदा थंडी सोसत नाही." त्या बारा ओळींना मला बारा दिवस लागले आणि १० जानेवारीला आई गेल्या. मी शाल न घेताच आलो. तू दारातच विचारलंस, "शाल?" मी म्हणालो, घाईत घरी राहिली. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस. दहाव्याला फक्त एवढंच म्हणालीस, तुम्ही जा, मी येत नाही.

मला नीट काम केल्याशिवाय हातावेगळं करता येत नाही, हे तुला लग्नापासून माहीत आहे. किनार मनासारखी होत नव्हती. बाकी शाल तयार आहे. तू बोटीवर चल, तिथे बोलू. आणि नाहीच आलीस, तर परत आल्यावर मी शाल घेऊन कळवणला येईन, हे नक्की.

रंगनाथ


सिडको, नाशिक
२१ फेब्रुवारी २०२५

आशा,

आज नवनाथ येऊन गेला. पंचवटीला मार्केटात कोबी उतरवून तसाच छोटा हत्ती टेम्पो घेऊन आपल्या दारात. मी दार उघडलं तर चप्पल न काढताच म्हणाला, "दाजी, ताईनं शाल मागितली हाय. आईच्या खाटेवर टाकायचीय म्हणते. द्या, मी निघतो."

मी त्याला आत बसवलं. चहा केला, साखर जास्त पडली. तो सोफ्यावर बसला तिथे त्याच्या पायाशीच तुझी विणकामाची हिरवी पिशवी होती. मी ती उचलून आतल्या खोलीत ठेवली. त्याने बघितलं.

मी म्हणालो, "शाल उज्वलाताईंकडे आहे. बघायला नेलीय त्यांनी."

"मंग त्यांच्याकडं जाऊ. गाडी हाय माझ्याकडं."

"त्या गावाला गेल्यात."

त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "दाजी, मला विणकामातलं काय कळत नाय. पण ताई रोज सकाळी आईची खाट झटकते, वर चादर घालती, पुन्हा काढती. म्हणते, ह्याच्यावर शाल पायजे. एक शाल, दाजी. त्यात एवढं काय अवघड हाय?" जाताना त्याने कोबीचे चार गड्डे ओट्यावर ठेवले. दोन मी शेजारी दिले.

आशा, अजून पंधरा-सोळा दिवस थांब. मला बोटीवर पाच दिवस मिळणार आहेत. तिथे स्वयंपाक नाही, भाजी आणणं नाही, दारावर कुणी येणार नाही. पाच दिवसांत माझं काम पुरं होणार आहे. मी दिवसाचा आकडा काढून ठेवलाय आणि आजवर असा आकडा मी कधी चुकवलेला नाही. ८ मार्चला बोट मुंबईला लागेल, ९ ला मी कळवणच्या स्टँडवर उतरेन. शाल माझ्या हातात असेल. तोवर नवनाथला पुन्हा पाठवू नकोस, त्याला उगाच हेलपाटा.

उज्वलाताई गावाला गेलेल्या नाहीत. एवढं एक खरं सांगून ठेवतो.

रंगनाथ


बोटीवर
४ मार्च २०२५

आशा,

चारी बाजूंना पाणी आहे. खोलीत दोन पलंग, एक तुझा. त्यावर मी काही ठेवलेलं नाही.

काल बंदरावरच्या तपासणीत माझ्या सुया काढून घेतल्या. अंबडला लेथवर मी स्वतः बनवलेल्या, स्टीलच्या. तिथली मुलगी म्हणाली, "काका, धातूच्या टोकदार वस्तू वर नेता येत नाहीत, उतरताना मिळतील." उज्वलाताईंनी सगळ्यांना बांबूच्याच सुया आणायला सांगितलं होतं. ती सूचना माझ्या सुयांना लागू नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. शेवटी शकुबाईंनी त्यांची जास्तीची जोडी दिली. शकुबाई म्हणजे उज्वलाताईंच्या सिन्नरच्या मावशी, पंचाहत्तरीच्या पुढच्या. विणताना हाताकडे बघतसुद्धा नाहीत.

वरच्या मजल्यावर एक मोठा हॉल आमच्या मंडळाला दिलाय. पुण्याच्या, नागपूरच्या, इंदूरच्या बायका आहेत. येणारे-जाणारे प्रवासी काचेतून बघतात आणि मी दिसलो की मोबाइल काढतात. पहिल्याच संध्याकाळी उज्वलाताईंनी या सफरीचा नियम सांगितला. प्रत्येकीने घरी पडून राहिलेलं एक अर्धवट काम आणायचं, काय राहिलंय आणि का राहिलंय ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि पाच दिवसांत ते पुरं करायचं. नागपूरच्या एक बाई नातवाचा स्वेटर घेऊन आल्यात. नातू आता कॉलेजात आहे, स्वेटर तीन वर्षांच्या मुलाचा. सगळ्या खूप हसल्या. एकीचा एकच मोजा विणून झालेला, दुसऱ्याचा तिला कंटाळा आला. मग माझी पाळी आली.

मी उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "शाल आहे. किनारीच्या बारा ओळी राहिल्यात."

हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते आपोआप आलं.

उज्वलाताई म्हणाल्या, "दाखवा ना." आता पिशवीत हात घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधी वीसेक ओळींचं विणकाम निघालं, मग लोकरीचे गुंडे. पहिल्या रांगेतल्या बाईने एक गुंडा हातात घेतला आणि तिचं हसू थांबलं. नवी लोकर सरळ असते. ही सगळी वळ्यावळ्यांची होती. विणकाम करणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नाही.

शकुबाई म्हणाल्या, "ही उसवलेली हाय."

उज्वलाताईंनी रंग ओळखला. तुझ्याबरोबर मेन रोडला जाऊन त्यांनीच तो निवडला होता. "रंगनाथराव, ही आशाची शाल ना?" मी मान हलवली. उज्वलाताईंनी पुढच्या बाईला उठायला सांगितलं, एवढी त्यांची कृपा.

तर आता लिहून टाकतो. तू त्या दिवशी एसटीत बसलीस आणि मी घरी येऊन शाल टेबलावर पसरली. एक्केचाळिसाव्या ओळीत पानांची नक्षी एका टाक्याने सरकली होती. तूच मला ती आधी दाखवली होतीस आणि म्हणाली होतीस, "राहू दे, आईच्या अंगावर घातल्यावर कुणाला दिसतंय." मला दिसत होतं. मी किनारीला सुई लावली आणि नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जायला लागली. वाटलं, तिथवर उसवतो, चार दिवस बसून पुन्हा विणतो, तुला कळणारही नाही. दोनशे ओळी उसवायला अर्धा तास लागला.

मग विणायला बसलो तर माझा हात तुझ्यापेक्षा घट्ट. तुझ्या चाळीस ओळींवर माझ्या ओळी आल्या की शाल तिथून आवळून यायची. तीन वेळा करून बघितलं. शेवटी तुझ्या त्या चाळीसही उसवल्या, म्हणजे निदान सगळी एका हाताची होईल. तुझा एकही टाका आता शिल्लक नाही, आशा. नवनाथ बसला होता तेव्हा त्या हिरव्या पिशवीत हेच होतं.

अंबडला मी एकतीस वर्षं दुसऱ्यांनी केलेला माल पास-नापास केला. तिथला पहिला नियम असा की तपासणाऱ्याने मालाला स्वतः दुरुस्तीचा हात लावायचा नाही. खूण करायची आणि ज्याचं काम त्याच्याकडे परत पाठवायचं. नव्या पोरांना हा नियम मीच शिकवायचो. कुणी कानस घेऊन पुढे झालाच तर मी त्याच्यावर ओरडायचो.

पण अजून वेळ गेलेली नाही. रोज पन्नास ओळी, पाच दिवसांत अडीचशे, वर किनार. आज सकाळी सहापासून बसलोय, जेवायला वीस मिनिटं गेली. आत्ता साठ ओळी झाल्यात. शाल पुरी झाली की हे पत्र टाकायची गरजच उरणार नाही. तुझ्या हातात शाल पडेल आणि आईंच्या खाटेवर जाईल. मी हे तडीला नेणार आहे.

रंगनाथ


बोटीवर, लक्षद्वीपपाशी
६ मार्च २०२५

आशा,

काल कोचीला उतरलो होतो. पोस्टाची पेटी दिसली, चार तारखेचं पत्र खिशात होतं. टाकलं नाही.

आज बोट बेटापासून लांब उभी आहे. सगळ्या बायका छोट्या होड्यांतून बेटावर गेल्या. मी गेलो नाही, म्हटलं तेवढ्या वेळात तीस ओळी होतील. सकाळी एकशे चार ओळी झाल्या होत्या. डेकवर उन्हात शाल पसरली. विसाव्या ओळीनंतरचं, बोटीवर केलेलं सगळं विणकाम सैल आणि खालीवर दिसत होतं. लोकरीच्या वळ्या मी धुवून, वाळवून काढल्याच नव्हत्या. घाईत तशीच विणत सुटलो. तीन वर्षं विणणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. मी सुई काढली आणि उसवायला लागलो.

शकुबाईंना छोट्या होडीत उतरायची भीती वाटली म्हणून त्याही मागे राहिल्या होत्या. त्या पलीकडच्या खुर्चीवर बसल्यात, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"काय करता, दादा?"

"दुरुस्ती. खालच्या ओळी बिघडल्यात."

"काल चांगल्या होत्या की."

"चांगल्या नव्हत्या. दिसत नव्हतं एवढंच."

त्या उठून जवळ आल्या. बोटांनी चाचपून बघितलं. "कुणाला घालायची हाय?"

"बायकोच्या आईला."

"म्हातारी कुठं असती?"

"कळवणला होत्या. जानेवारीत गेल्या."

शकुबाईंचे हात चालता चालता थांबले. तीन दिवसांत मी ते थांबलेले पहिल्यांदा बघितले. मग त्या म्हणाल्या, "मंग घाई कुणाची हाय?"

आई गेल्याला दोन महिने होत आले आणि मी अजून त्या बारा दिवसांतच बसून विणतोय. शाल झाली की मी खोटं बोललो नाही असं होईल, असं मी मनाशी धरून होतो. तुझ्यासाठी नव्हे, आईंसाठी नव्हे. मला माझाच माल पास करून घ्यायचा होता.

शकुबाई एवढंच म्हणाल्या, "उसवू नका आता. जितं हाय तितं ऱ्हाऊ द्या." आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

मी एकाहत्तराव्या ओळीवर थांबलो.

चार तारखेच्या पत्रात मी उसवल्याचं लिहिलं. सगळ्यात वाईट ते त्यात नाही. ते आता लिहितो. ते बारा दिवस रोज संध्याकाळी तू फोन करायचीस, किती राहिलं विचारायला. मी पहिल्या दिवशी म्हणालो बारा. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी दहा. तू चिडून म्हणालीस, दिवसाला एक ओळ? मी म्हणालो, नक्षी जुळवतोय. तू म्हणालीस, किनार राहू द्या, तशीच आणा. मी म्हणालो, अर्धवट काय आणायचं? त्या वेळी आणण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. गुंडे होते. पण आकडा मी रोज न चुकता एकने कमी करत होतो. नुसतं "होतंय, होतंय" म्हणालो असतो तर तुला शंका आली असती. आकडा सांगितला की माणूस विश्वास ठेवतो, हे मला नोकरीतून चांगलं माहीत आहे.

९ जानेवारीला फोनवर आई होत्या. तू बहुतेक पाणी तापवायला गेली होतीस. म्हणाल्या, "जावईबापू, लय गार लागतंय. कवा आणता?" मी म्हणालो, "आई, झालीच. एकच ओळ राहिलीय. उद्या सकाळच्या गाडीने निघतो." त्या म्हणाल्या, "सावकाश या, घाई करू नका." तेव्हा माझ्या सुईवर अकरा ओळी होत्या. दुसऱ्या दिवशी मी निघालो नाही. दुपारी नवनाथचा फोन आला.

घरात रजया होत्या, शालीवाचून आई गेल्या नाहीत, त्यांची छाती भरली होती, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हे मी स्वतःला रोज सांगतो. पण त्या वाट बघत गेल्या. मी त्यांना वाट बघायला लावली, नसलेल्या वस्तूची. आणि त्यानंतरही तुला दारात सांगितलं, शाल घरी राहिली.

मला माफ कर असं लिहितो आहे. याआधी लिहिलं नाही, कारण ते लिहिलं की हे सगळंही लिहावं लागणार, हे मला माहीत होतं.

आता शाल पुरी करून तुझ्यापुढे ठेवणार नाही. ती चोरी झाकल्यासारखी होईल. एकाहत्तर ओळी सुईवर आहेत, उरलेली लोकर पिशवीत आहे. आज संध्याकाळी हॉलमध्ये उभा राहून मी सगळ्यांना सांगणार आहे की माझं काम पुरं झालं नाही आणि का झालं नाही. परवा मुंबईला उतरलो की दोन्ही पत्रं टाकणार. तू सांगशील तसं करीन. लोकर पाठव म्हणालीस तर पाठवीन. येऊ नको म्हणालीस तर येणार नाही.

रंगनाथ

ता. क. हॉलमध्ये सांगून आलो. नागपूरच्या बाईंनी नातवाचा स्वेटर माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, शेवटचं बटण तुम्ही लावा, मला धागा ओवता येत नाही. लावून दिलं.


कळवण
१५ मार्च २०२५

अहो,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पहिलं वाचून मी इतकी संतापले की दुसरं वाचणार नव्हते. नवनाथ म्हणाला, वाच, नाय तर मी वाचून दाखवतो. म्हणून वाचलं.

एक्केचाळिसाव्या ओळीची चूक मला माहीत होती. त्या संध्याकाळी आई पडल्याचा फोन आला होता. बोलता बोलता विणत राहिले आणि टाका सरकला. उसवायला मला जमलं नसतं असं नाही. तुम्हाला विचारायला काय झालं होतं? एका फोनच्या अंतरावर तर होते मी.

आता मी सांगते ते ऐका. हे तुम्हाला कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तुम्ही तुमचं सांगितलंत म्हणून सांगते.

मी आईला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, शालीच्या बारा ओळी राहिल्या. तिला अक्षरओळख नव्हती, पण बोटं होती. तुमचा फोन झाला की ती विचारायची, "आज झाली का एक?" मी हो म्हणायचे आणि ती एक बोट दुमडायची. झोपेत बोटं उघडायची, सकाळी पुन्हा मोजून तेवढी दुमडून घ्यायची. दहा दिवसांत तिची दहा बोटं संपली. मग तिने माझा हात ओढून घेतला. ९ तारखेला तुमच्याशी बोलून झाल्यावर तिने माझं एक बोट दुमडलं आणि दुसरं धरून ठेवलं. म्हणाली, "ही उद्याची." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली तेव्हा ते बोट तिच्या मुठीत होतं. नवनाथच्या बायकोने सोडवलं.

तुमच्यावर माझा राग होता तो उशिराचा. तुम्ही खोटं बोललात, हे मला आता कळलं. हा राग वेगळा आहे आणि तो किती दिवस राहील ते मला ठाऊक नाही. मी नाशिकला कधी येणार, ते विचारू नका.

तुम्ही मात्र या. लोकर पाठवू नका, स्वतः घेऊन या. आधी ती धुवा, लडी करून वजन लावून वाळवा आणि मग आणा. सुईवरच्या एकाहत्तर ओळी तशाच राहू द्या, त्यांना हात लावू नका. इथे नवनाथच्या ओसरीवर आईची खाट आहे. तिच्याजवळ खाली बसून विणायचं. माझ्यासमोर. नाशिकच्या घरी एक ओळसुद्धा विणायची नाही. जेवायला मिळेल. मी बोलेनच असं नाही.

शाल कुणाला द्यायची ते झाल्यावर बघू. दोनशे चाळीस ओळी आणि बारा किनारीच्या. नक्षी चुकली तर चुकू द्या, उसवायचं नाही. एकेक ओळ झाली की तोंडाने आकडा सांगायचा.

बोट मी दुमडेन.

आशा